फुफ्फुस, धूळ आणि पदार्थांचे थर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फुफ्फुसांविषयी बोलणं निघालं की दोन तऱ्हांचे प्रश्न येतात. एकीकडे खाणीची धूळ, वास्कोतला कोळसा, घरावरचे सिमेंटचे पत्रे. दुसरीकडे बातम्यांत वाचलेलं ग्राफीन, ‘नॅनो’ मास्क, श्वासावरून दमा ओळखणारी यंत्रं. या सगळ्यांच्या मुळाशी पदार्थाचे थर आहेत. थराच्या आत काय घट्ट धरलेलं आहे आणि दोन थरांमध्ये काय सुटं आहे, यावर फुफ्फुस उघडं राहणं आणि आत गेलेल्या कणाचा तिथला मुक्काम, दोन्ही बरंचसं अवलंबून असतं. खालची उत्तरं याच धाग्याने लिहिली आहेत. तब्येतीच्या तक्रारीसाठी मात्र डॉक्टरांकडेच जायला हवं.

थरांचा पदार्थ म्हणजे काय?

पत्रावळींची चळत डोळ्यांसमोर आणा. एकेक पत्रावळ चोयांनी नीट टाचलेली असते, पण चळतीला धक्का लागला की पत्रावळी एकमेकींवरून सरकतात. ग्रॅफाइट, शंखजिरे, मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे पदार्थ असेच रचलेले असतात. थराच्या आतले अणू मजबूत रासायनिक बंधांनी बांधलेले, आणि दोन थरांमध्ये फक्त व्हॅन डर वाल्स नावाची दुबळी ओढ. ग्रॅफाइटमध्ये दोन थरांतलं अंतर 0.335 नॅनोमीटर असतं. पेन्सिल कागदावर उमटते ती हे थर सुटून कागदाला चिकटतात म्हणून. गॅरेजमध्ये बेअरिंगला लावतात त्या काळ्या मॉली ग्रीसमध्येही थरांचं हेच सरकणं कामाला येतं. अभ्रकात थरांच्या मध्ये पोटॅशियमचे आयन असतात, त्यामुळे ते शंखजिऱ्यापेक्षा कणखर असतं, पण पापुद्रे त्याचेही निघतात.

2004 साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे काढत काढत एका अणूइतका जाड थर वेगळा केला. तेच ग्राफीन. त्यासाठी त्यांना 2010 चं नोबेल मिळालं. त्यानंतर या क्षेत्रात संशोधनाचा पूर आला, आणि त्याचं पाणी आता वैद्यकशास्त्राच्या अंगणातही पोचलं आहे.

फुफ्फुसात कसले आले थर?

हा भाग थोडा सावकाश वाचावा, कारण पुढचं बरंच त्यावर उभं आहे.

आपल्या फुफ्फुसांत हवेच्या बारीक पिशव्या असतात, वायुकोश. 2004 साली झालेल्या एका काटेकोर मोजणीत त्यांची सरासरी संख्या सुमारे 48 कोटी भरली. प्रत्येकाचा व्यास साधारण 0.2 मिलिमीटर, आणि आतून द्रवाचं पातळ अस्तर. द्रवाचा पृष्ठभाग नेहमी आकसू पाहतो, त्यालाच पृष्ठताण म्हणतात. गोलाकार पिशवी उघडी ठेवायला लागणारा दाब पृष्ठताणाच्या दुप्पट भागिले त्रिज्या इतका असतो. शरीराच्या तापमानाला पाण्याचा पृष्ठताण मीटरला 0.07 न्यूटन. हिशेब केला तर नुसत्या पाण्याचं अस्तर असलेला वायुकोश उघडा ठेवायला सुमारे 14 सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब लागेल. एवढा दाब सतत लावत राहायचा तर श्वास घेता घेताच माणूस थकून जाईल.

निसर्गाने यावर उपाय केला आहे तो सर्फॅक्टंटचा. वायुकोशांतल्या विशिष्ट पेशी स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं यांचं मिश्रण तयार करतात. त्यात स्निग्ध पदार्थ सुमारे 90 टक्के. पेशीच्या आत हे मिश्रण साठवलेलं असतं तेही थरांवर थर अशा गुंडाळ्यांच्या रूपात. पेशीबाहेर आल्यावर ते द्रवाच्या पृष्ठभागावर पसरतं, आणि श्वास सोडताना पृष्ठभाग लहान झाला की त्याचे रेणू इतके दाटीवाटीने उभे राहतात की पृष्ठताण जवळजवळ शून्यावर येतो. वायुकोश मिटत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये कुर्त फोन नीरगार्ड यांनी 1929 सालीच दाखवलं होतं की फुफ्फुसाच्या ताणात पृष्ठताणाचा वाटा मोठा आहे. पण त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1950 च्या दशकात पॅटल आणि क्लेमेंट्स या शास्त्रज्ञांच्या प्रयोगांनी हा विषय पुन्हा उघडला आणि 1959 साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी सिद्ध केलं की अपुऱ्या दिवसांची बाळं श्वास लागून दगावतात ती या अस्तराच्या अभावी. मधल्या तीस वर्षांत जगभर किती बाळं गेली असतील, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

आमचं बाळ आठव्या महिन्यात झालं. त्याच्या श्वासनळीत ‘फुफ्फुसाचं औषध’ घातलं. ते काय होतं?

बहुतेक सर्फॅक्टंटच. पोटातल्या बाळात ते पुरेसं तयार व्हायला साधारण 34-35 आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेल्या बाळाला ते बाहेरून द्यावं लागू शकतं. जपानमध्ये फुजिवारा आणि सहकाऱ्यांनी 1980 साली गायीच्या फुफ्फुसातून बनवलेलं सर्फॅक्टंट 10 बाळांना दिल्याचं प्रसिद्ध केलं, तिथून हे उपचार रुळले. आजची औषधंही बहुतांशी गायीच्या किंवा डुकराच्या फुफ्फुसातून काढलेली असतात. काही घरांत हे ऐकून मन कचरतं. कचरू नये. ते शुद्ध केलेलं असतं, आणि त्या क्षणी बाळाला त्याच्याइतकं दुसरं उपयोगी काही नसतं.

बाळंतपण लवकर होण्याची चिन्हं असतील तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, तीही यासाठीच. बाळाची फुफ्फुसं त्यामुळे लवकर पिकतात. लिगिन्स आणि हाउवी यांनी न्यूझीलंडमध्ये 1972 साली हे दाखवलं. म्हणून मुदतीआधी कळा किंवा पाणी जाणं सुरू झालं तर ‘बघू, उद्या सकाळी जाऊ’ म्हणत काणकोण-पेडण्याच्या घरी रात्र काढू नका. त्या इंजेक्शनांना आईच्या शरीरात काम करायला काही तास हवे असतात.

उसासा टाकला की बरं वाटतं. यामागे काही शास्त्र आहे का?

आहे, आणि अलीकडचं आहे. आपण सगळे न कळत दर पाचेक मिनिटांनी एक खोल श्वास घेतो. नेहमीच्या श्वासाच्या साधारण दुप्पट हवा त्यात आत जाते. उथळ श्वासांत हळूहळू मिटू लागलेले वायुकोश त्याने पुन्हा उघडतात, हे जुनं ज्ञान. 2025 साली झुरिचच्या ईटीएच संस्थेतल्या गटाने त्यात एक भर घातली. फुफ्फुसातल्या द्रवाचा पृष्ठभाग प्रयोगशाळेत ताणून आणि दाबून त्यांनी पाहिलं. पृष्ठभागावर एकच थर नसून वर एक ताठर थर आणि खाली मऊ थर अशी रचना असते. मोठ्या श्वासाइतका ताण दिल्यावर वरच्या थरातल्या रेणूंची फेररचना होते, घट्ट बसणारे संपृक्त स्निग्ध रेणू वर गोळा होतात आणि पृष्ठभागावरचा ताण उतरतो. नुसत्या उथळ श्वासांनी हे घडत नाही.

मला हे संशोधन फार महत्त्वाचं वाटतं, कारण एरवी धातूंच्या किंवा ग्राफीनच्या थरांना जे प्रश्न विचारले जातात तेच इथे जिवंत द्रवाला विचारले आहेत.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना असे उसासे यंत्राने द्यावेत का, याचीही चाचणी झाली. अमेरिकेत जखमी रुग्णांवर केलेली ती मोठी चाचणी 2023 साली प्रसिद्ध झाली. व्हेंटिलेटरविना जाणाऱ्या दिवसांत ठोस म्हणावी अशी वाढ दिसली नाही. प्रयोगशाळेतली सुंदर गोष्ट खाटेपाशी तशीच उतरेल असं धरून चालता येत नाही.

शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्ट तीन चेंडूंचं प्लास्टिकचं उपकरण देतात आणि खोल श्वास घ्यायला लावतात. ते कंटाळवाणं वाटतं, तरी करावं. मिटलेले वायुकोश उघडण्यासाठीच ते दिलेलं असतं.

धूळ किती बारीक असली की ती खोल जाते?

साधारण 10 मायक्रोमीटरपेक्षा मोठे कण बहुतांशी नाक-घशात अडकतात. सुमारे 4 मायक्रोमीटरपेक्षा लहान कण वायुकोशांपर्यंत पोचतात. पण हा हिशेब गोल कणांना धरून आहे. थरांच्या पदार्थाचा पापुद्रा चपटा असतो, हवेत तो रमतगमत खाली येतो. त्यामुळे दिसायला 20-25 मायक्रोमीटर रुंद असलेला पातळ पापुद्रा हवेत मात्र लहान कणासारखा वागतो आणि खोलवर जाऊ शकतो. एडिंबराच्या संशोधकांनी 2012 साली ग्राफीनच्या जाडसर पापुद्र्यांबाबत हे दाखवलं. तिथे पोचल्यावर पुढची अडचण सुरू होते. फुफ्फुस साफ करणाऱ्या भक्षक पेशी 15-20 मायक्रोमीटरच्या असतात. स्वतःपेक्षा मोठा तुकडा त्यांना गिळता येत नाही, त्या अर्धवट लपेटून बसतात, आणि तिथे दाह सुरू होतो.

म्हणून कुठल्याही नव्या पदार्थाबद्दल विचारायचं ते हेच: त्याचा आकार कसा आहे, आणि तो शरीरात विरघळतो की टिकून राहतो?

मग ग्राफीन धोक्याचं का?

सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येत नाही. 2024 च्या फेब्रुवारीत एडिंबरा आणि मँचेस्टरच्या गटाने माणसांवरची पहिली नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली. 14 निरोगी स्वयंसेवकांनी अतिशुद्ध ग्राफीन ऑक्साइडचे (म्हणजे ऑक्सिजन जोडलेल्या ग्राफीनचे) बारीक, पातळ पापुद्रे घनमीटरला 200 मायक्रोग्रॅम या प्रमाणात दोन तास श्वासातून घेतले, मधूनमधून सायकल चालवत. फुफ्फुसांची क्षमता आणि रक्तदाब यांवर वाईट परिणाम आढळला नाही. रक्त गोठण्याच्या क्रियेत किंचित फरकाची शक्यता दिसली.

ही बातमी ‘ग्राफीन सुरक्षित’ अशा मथळ्याने फिरली. ते फार झालं. चाचणीत वापरलेले पापुद्रे मुद्दाम लहान आणि शुद्ध होते, माणसं तरुण आणि धडधाकट होती, वेळ दोन तासांची होती. कारखान्यात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या दमेकऱ्याला हा निष्कर्ष लावता येणार नाही. पण अशी काळजीपूर्वक चाचणी झाली ही गोष्ट मोलाची. सिमेंटच्या पत्र्यांत असतं त्या तंतुमय अ‍ॅस्बेस्टॉसच्या बाबतीत आधी वापर झाला आणि माणसं गेल्यावर अभ्यास झाले.

बाजारात ‘ग्राफीन मास्क’ मिळतो. घ्यावा का?

गरज नाही. कॅनडाच्या आरोग्य खात्याने 2021 च्या एप्रिलमध्ये कण सुटून श्वासात जाण्याच्या शंकेने असे मास्क न वापरण्याची सूचना दिली होती. पुढे तपासणीनंतर काही मॉडेलना परवानगी मिळाली. धुळीसाठी एन-95 पुरेसा आहे. त्यातलं न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन विद्युतभारित असतं, म्हणून चाळणीच्या भोकांपेक्षा लहान कणही त्याला चिकटतात. मात्र तो धुवू नका, भार निघून जातो. आणि गालाला नीट बसला पाहिजे. दाढीवर बसत नाही.

घरावर जुने सिमेंटचे पत्रे आहेत. काढून टाकू का?

हा गोव्यातला कळीचा प्रश्न आहे. गोठा, गॅरेज, मागची पडवी, कित्येक ठिकाणी हे पत्रे आहेत. जुन्या पत्र्यांत साधारण दहा टक्क्यांपर्यंत क्रिसोटाइल नावाचं अ‍ॅस्बेस्टॉस असतं, आणि ते खुद्द थरांचं खनिज आहे. त्याचा एक थर सिलिकाचा, त्याला जोडलेला दुसरा मॅग्नेशियमचा. दोन्हींची मापं जुळत नाहीत, मॅग्नेशियमचा थर किंचित मोठा पडतो. त्यामुळे जोडलेली चादर आपोआप वळते आणि तिची नळी होते. लायनस पॉलिंग यांनी 1930 साली असे थर वळतील असा तर्क मांडला होता. अशा नळ्यांच्या जुडग्यांतून तंतू सुटतात. लांबी 5 मायक्रोमीटरपेक्षा जास्त आणि जाडी 3 पेक्षा कमी असलेला तंतू फुफ्फुसासाठी वाईट. भक्षक पेशींना तो पेलत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांनी कॅन्सर होतो, फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा त्यातलाच. तो उघड व्हायला वीस ते पन्नास वर्षं लागू शकतात.

अखंड, रंगवलेला पत्रा जागच्या जागी असेल तर त्यातून फार तंतू सुटत नाहीत. धोका असतो तो कापताना, भोक पाडताना, फोडताना आणि घासताना. आपल्याकडे पावसाआधी पत्र्यावरचं शेवाळ खरवडून काढतात, तेही कोरडं, एप्रिल-मे महिन्याच्या उन्हात. हे थांबवायला हवं. काही करायचंच असेल तर पत्रा भरपूर भिजवा, मशीनची करवत लावू नका, मुलांना दूर ठेवा, तुकडे जाड प्लास्टिकमध्ये बांधा आणि ते वाटेवरच्या खड्ड्यात भर म्हणून टाकू नका. वर चढणाऱ्या कामगाराला एन-95 देणं ही घरमालकाची जबाबदारी आहे असं मी मानतो.

अ‍ॅस्बेस्टॉसच्या उद्योगात काम केलेल्यांसाठी एक माहिती: 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षं किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर ठेवायला सांगितलं आहे. ती नोंद मागायला संकोच करू नका.

बाळाला न्हाऊ घातल्यावर पावडर लावावी का?

लावू नये. टाल्क म्हणजे शंखजिरे. त्याचे थर इतके सहज सुटतात म्हणूनच ती पावडर मऊ लागते, आणि म्हणूनच तिचा धुरळा उडतो. डबा तोंडाजवळ सांडून बाळांच्या छातीत पावडर गेल्याचे आणि जिवावर बेतल्याचे प्रसंग वैद्यकीय नोंदींत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2024 साली टाल्कला ‘कॅन्सरकारक असण्याची दाट शक्यता’ या गटात टाकलं. आजीला वाईट वाटेल, पण समजावून सांगा. अंग नीट कोरडं करणं पुरेसं आहे.

श्वास फुंकून दमा कळतो, हे खरं का?

काही अंशी खरं. दम्यात श्वासनलिकांना विशिष्ट प्रकारची सूज असली की सोडलेल्या श्वासात नायट्रिक ऑक्साइड वाढतं. मोठ्या माणसात ते अब्जात 25 भागांपेक्षा कमी असेल तर अशी सूज असण्याची शक्यता कमी, 50 पेक्षा जास्त असेल तर बरीच, असा 2011 पासूनचा संकेत आहे. मुलांसाठी हेच आकडे 20 आणि 35. या चाचणीचा उपयोग स्टेरॉइडचा पंप लागू पडेल का हे ठरवताना होतो. एकट्या तिच्यावर निदान होत नाही, स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजण्याची चाचणी, लागतेच.

आज दवाखान्यात असलेल्या यंत्रांत ग्राफीन नसतं. संशोधन मात्र जोरात आहे. एका अणूइतक्या थरात सगळेच अणू पृष्ठभागावर असतात, त्यामुळे बाहेरचा एक रेणू येऊन चिकटला तरी विजेचा प्रवाह बदलतो. मँचेस्टरच्या गटाने 2007 साली नायट्रोजन डायऑक्साइडचे सुटे रेणू असे टिपले. 2013 साली ग्राफीन ऑक्साइडचा ओलावा मोजणारा सेन्सर सेकंदाच्या काही शतांश भागात प्रतिसाद देतो असं दिसलं. शीळही त्याला ओळखता येते.

अडचण ओलाव्याचीच आहे. श्वास बाष्पाने भरलेला असतो आणि हे थर बाष्प अधाशासारखं घेतात, त्यामुळे हवा तो वायू शोधताना गोंधळ होतो. युरोपातल्या कोरड्या प्रयोगशाळेत चाललेलं यंत्र जुलैतल्या पणजीत, हवेतला ओलावा नव्वदच्या घरात असताना, तसंच चालेल का हे इथेच तपासलं पाहिजे. फर्मागुडी, झुआरीनगर, ताळगावच्या पठारावर भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी हा विषय जरूर हाती घ्यावा. त्यासाठी लागणारा पाऊस आपल्याकडे फुकट आहे.

‘जादुई कोना’चा श्वसनरोगांशी काही संबंध?

नाही. ग्राफीनचे दोन थर 1.1 अंशाने फिरवून ठेवले की त्यांतून विरोधाविना वीज वाहते, हे 2018 साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत दिसलं. पण ते शून्याखाली 271 अंशांच्या आसपास. विज्ञान म्हणून थोर, दवाखान्यात त्याचं काम नाही.

दम्यासाठी अभ्रक भस्म घेतो. चालेल?

आयुर्वेदात श्वास-कासासाठी ते सांगितलं आहे. अभ्रकाची चकाकी त्याच्या सपाट थरांवरून प्रकाश परततो म्हणून असते. भस्म नीट झालं की ते निश्चंद्र, म्हणजे चकाकी उरलेली नाही, अशी कसोटी जुन्या ग्रंथांत आहे. पुन्हा पुन्हा पुटं देऊन, म्हणजे भट्टीत भाजून, थर पूर्ण मोडले गेले का हेच त्यात पाहिलं जातं, आणि ही कसोटी भौतिकशास्त्रालाही पटणारी आहे. पण दम्याचा पंप त्यासाठी बंद करू नका. दम्याचा झटका काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. भस्म घेत असाल तर जाणत्या वैद्यांकडून घ्या आणि छातीच्या डॉक्टरांनाही सांगा. उघड्यावर विकत घेतलेली पुडी घेऊ नका.

आम्ही खाणपट्ट्यात राहतो. डॉक्टरांकडे गेल्यावर काय सांगावं?

धुळीचा पूर्ण इतिहास सांगा, कारण तो विचारला जाईलच असं नाही. डिचोली, सत्तरी, सांग्यातल्या खनिजात मुख्यतः हेमेटाइट, म्हणजे लोहाचं ऑक्साइड, असतं. नुसत्या लोहाच्या धुळीने एक्स-रेवर ठिपके दिसतात, त्रास बेताचा होतो. तिच्याबरोबर क्वार्ट्झची, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाची, ताजी फुटलेली धूळ असेल तर सिलिकोसिस हा फुफ्फुसात व्रण धरणारा आजार होऊ शकतो, आणि तो मागे फिरत नाही. चिरेखाणीच्या धुळीत लोहाच्या ऑक्साइडांबरोबर केओलिनाइट ही थरांची माती असते. ग्रॅनाइट किंवा कृत्रिम दगडाचे ओटे कापणाऱ्यांचा धोका सगळ्यांत जास्त. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून कृत्रिम दगडावर बंदी आणली ती सिलिकोसिसमुळेच. मुरगावात कोळशाजवळ राहणाऱ्यांनी घरातली काळी पूड पुसताना ओलं फडकं वापरावं, झाडू नये.

आपल्या देशात 24 तासांसाठी हवेतल्या बारीक कणांची, म्हणजे पीएम 2.5 ची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची शिफारस 15 आहे. म्हणजे ‘मर्यादेत’ असलेली हवादेखील दमेकऱ्याला बाधू शकते.

बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात किंवा जवळच्या इस्पितळात जाताना एका कागदावर लिहून न्या: कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत कुठे काम केलं, ड्रिलवर होतात की ट्रकवर की क्रशरवर, पाणी मारत होते का, विडी-सिगरेट किती, घरात चूल आहे का, कुणाला टीबी झाला होता का. जुने एक्स-रे बरोबर न्या. सिलिकाच्या धुळीत काम केलेल्यांना टीबीचा धोका जास्त असतो, त्यामुळे दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला टिकला तर थुंकीची तपासणी मागून घ्या. ती सरकारी केंद्रात मोफत होते.